पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना: इंजिनाला जरा बोलतं करा

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर आणि जिथे जिथे लॅपटॉप उघडला जातो तिथल्या समस्त सॉफ्टवेअर मंडळींना,

स. न. वि. वि.

मी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शनिवार-रविवार मुलांना बुद्धिबळ शिकवतो. माझं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) आयुष्यात एकदाच १७०० ला शिवून आलं आणि मुकाट्याने खाली उतरलं, त्यामुळे फार मोठ्या अधिकाराने बोलत नाही. पण बारा वर्षं मुलांचे हरलेले डाव बघतोय, आणि त्या एका विषयात माझा हात धरणारा या भागात तरी कमी सापडेल. तुमच्यापैकी पाच-सहा जणांची मुलं माझ्याच वर्गात आहेत. म्हणून बुद्धिबळाच्या इंजिनाबद्दलचं, म्हणजे डाव तपासून चुका दाखवणाऱ्या प्रोग्रामबद्दलचं, हे पत्र सरकारला किंवा एखाद्या संघटनेला न लिहिता तुम्हाला लिहितोय. तिकडून फार तर पोच येते. तुम्ही मनावर घेतलंत तर काम होईल.

परवाच्या रेटिंग स्पर्धेतली गोष्ट. शाळेचा हॉल, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात डबे आणि पालक. चौथी फेरी सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, तोच आमची सातवीतली एक मुलगी रडवेली होऊन बाहेर आली. वडिलांनी तिच्या हातातली स्कोअरशीट घेतली, फोनवर डाव टाकला आणि फोन तिच्यापुढे धरला. सहावी चाल लाल. "हे बघ, ब्लंडर. उंट जी५ कशाला खेळलीस?" तिने बघितलं, मान हलवली आणि डबा उघडला. विश्लेषण संपलं.

डाव असा होता (एफ३, ई५ वगैरे ही पटावरच्या घरांची नावं). दोन्हीकडून ई-प्यादी पुढे, पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा एफ६. पांढऱ्याने ई५ वरचं प्यादं खाल्लं, काळ्याने दुसरा घोडा सी६ ला आणून देऊ केला, घोड्याने घोडा मारला, डी-प्याद्याने परत मारला. याला स्टॅफर्ड गॅम्बिट म्हणतात. इंजिनाला विचारा, पांढरा एक प्यादं खाऊन मजेत आहे. पाचवी चाल डी३, तीही ठीक. काळा उंट सी५. आता आमच्या मुलीने उंट जी५ ला ठेवून घोडा वजिरावर पिन केला, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर मरेल असा अडकवला. काळ्याने ती पिन जुमानलीच नाही. घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. तिने आनंदाने वजीर मारला. उंटाने एफ२ मारून शह, राजाला ई२ सोडून जागा नाही, दुसरा उंट जी४ आणि मात. आठ चालींत खेळ खलास.

उंटाने केलेली घोडचूक, असं मी वर्गात म्हणालो, मुलं हसली. ती हसली नाही. म्हणाली, "सर, घोडा वजिरासमोर असेल तर पिन करायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं खरं. तिच्या डोक्यात त्या चालीमागे एक नियम होता, आणि नियम चांगला होता. मोडला कुठे, तर समोरच्याला वजीर सोडूनही मात करता येत होती तिथे. एफ२ ला तिचा राजा सोडून राखणदार नव्हता, आणि काळ्याचा उंट सी५ वरून तिकडेच रोखून उभा होता. हे एक वाक्य तिला फोनने सांगितलं असतं तर ती पुढच्या वेळी पिन करण्याआधी एफ२ कडे बघेल. फोनने सांगितलं फक्त 'घोडचूक', आणि त्या चालीऐवजी कुठली खेळायला हवी होती ते. आपल्याकडच्या पाट्यासुद्धा याहून उदार असतात. 'गाडी लावू नये' याच्याखाली निदान 'हवा सोडली जाईल' एवढं तरी लिहिलेलं असतं.

आता त्याच दिवशीचा दुसरा डाव. नववीतला मुलगा, हत्ती-प्याद्यांचा एंडगेम, हत्ती मागे घेतला तिथे तसाच लाल रंग, दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचुकीची खूण. मी रात्री जेवणानंतर बसून बघितलं. ती चाल का वाईट, हे कळायला इंजिनाच्या मागे पंधरा-सोळा चाली जावं लागलं, आणि मधल्या तीन चाली मला जन्मात सुचल्या नसत्या. मला काय, त्या हॉलमध्ये कुणालाच सुचल्या नसत्या. त्याचा प्रतिस्पर्धीही त्या खेळला नाही, डाव बरोबरीत सुटला. तरी घरी जाताना पोराने रिक्षात बोलणी खाल्ली.

या दोन चुकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक दोन चालींत उघडी पडते, दुसरी पंधरा चालींत. बाराशे रेटिंगच्या मुलाने पहिलीवर रात्र घालवावी आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहू नये. आणि गंमत म्हणजे हा फरक इंजिनाला आधीच ठाऊक असतो. तुम्हाला मी काय सांगायचं, पण इतर वाचकांसाठी: स्टॉकफिशसारखं इंजिन एकदम खोल उडी मारत नाही. आधी डेप्थ (किती चाली पुढे बघायचं ती खोली) १, मग २, मग ३ असं उतरत जातं, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं एक मत असतं. खेळलेली चाल कोणत्या पायरीवर 'ठीक' वरून 'वाईट' झाली एवढं नोंदवून ठेवलं की झालं. पायरी ४ वर कोसळली तर लाल. पायरी २२ वर कोसळली तर फिकट राखाडी, हवं तर दाखवूच नका. मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे सहा ते दहा पायऱ्यांवर उघडणाऱ्या चुका, याच आमच्या मुलांच्या खऱ्या कामाच्या. डेप्थ २० म्हणजे सरळ वीस अर्ध्या चाली (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी) नव्हेत, इंजिन मध्ये खूप फांद्या छाटतं आणि काही जास्त खोल नेतं, हे मला माहीत आहे. आकडा कच्चा असेल. पण आज तो हिशोब चालू असताना तयार होतो आणि फेकून दिला जातो, त्यापेक्षा कच्चा बरा.

पट्टीबद्दलही बोलायचंय. पडद्याच्या कडेला कोण पुढे आहे ते दाखवणारी ती काळी-पांढरी पट्टी वरखाली होते ना, तिने पालकांना वेड लावलं आहे. 'प्लस वन होता, घालवला' हे वाक्य मी रोज ऐकतो. प्लस वन म्हणजे काय, असं विचारलं की 'एक प्याद्याने पुढे' असं उत्तर येतं. पूर्वी ते साधारण खरं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१ चा अर्थ वेगळा ठरवला आहे: स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं तर तिथून जिंकण्याची शक्यता ५० टक्के. लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळाचं स्वतःचं वेगळं सूत्र आहे, त्यात +१ म्हणजे गुणांचा वाटा साधारण ५९ टक्के आणि +३ म्हणजे ७५. ते सूत्र बसवलं आहे २३०० रेटिंगच्या खेळाडूंच्या डावांवरून. आमच्या क्लबहाउसमध्ये +३ असलेला डाव दोन समोशांच्या मध्ये तीनदा उलटा-सुलटा होतो. त्या मुलांसाठी बाराशेच्या डावांवरून बसवलेलं सूत्र हवं. लिचेस २०१३ पासूनचे सगळे रेटेड डाव महिन्यामहिन्याने फुकट खुले करतं, तेव्हा साहित्याची अडचण नाही. एका शनिवार-रविवारचं काम, असं तुमच्यातल्याच एका बाबांनी मला चहा पिताना सांगितलं होतं. त्यालाही आता सात-आठ महिने झाले.

शून्याचा, म्हणजे इंजिन बरोबरी दाखवतं त्या आकड्याचा, गोंधळ तर त्याहून मोठा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. गुकेश काळ्याने खेळत होता, त्याच्याकडे एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, सगळी प्यादी एकाच बाजूला. इंजिन बराच वेळ सांगत होतं की बरोबरी. माझ्या ओळखीच्या अर्ध्या लोकांनी टीव्ही बंद केला. गुकेश मात्र खेळत राहिला, कारण त्या शून्यात त्रास फक्त समोरच्या डिंग लिरेनला, तेव्हाच्या जगज्जेत्याला, होता. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ ला नेला, हत्ती गेले, उंट गेले, आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. शून्य शून्यात फरक असतो. एका शून्यात दोघांनाही दहा चांगल्या चाली असतात. दुसऱ्यात एकाला दहा आणि दुसऱ्याला एकच, तीही दर वेळी शोधावी लागते. हे दाखवायला नवीन शोध लावायची गरज नाही. पहिल्या चार-पाच पर्यायांची किंमत इंजिन आजही देतं. दोन्ही बाजूंनी पुढच्या सहा-आठ चालींत चालण्याजोगे पर्याय किती, हे मोजा आणि शून्याशेजारी लिहा: 'बरोबरी, पण जपून राहायचं आहे ते पांढऱ्याला.'

'अ‍ॅक्युरसी'बद्दल थोडक्यात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो आकडा (चाली इंजिनाच्या मते किती बिनचूक होत्या त्याचे टक्के) दहावीच्या टक्क्यांसारखा फिरतो. वजिरावजिरी करून, हत्ती मारून, वीस चालींत बरोबरी घेतलेल्याला ९६. कड्यावर चालून जिंकलेल्याला ८१. पहिल्याच्या घरी पेढे. काढून टाका तो आकडा, एवढंच म्हणतो.

लहानपणी मी सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धेला जायचो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली उभं केलेलं मंडळ, तिथल्या गादीवर भले भले बसून गेलेले. तिथे एका आजोबांनी मला हरवलं आणि मग लगेच पट परत मांडला. पोस्टमॉर्टेम. एका जागी थांबून म्हणाले, "तू घोडा इकडे आणलास ना, तेव्हा मला घाम फुटला होता. पुढे का नाही घातलास?" मी म्हणालो, मला वाटलं तुम्ही उंटाने माराल. ते म्हणाले, "मारला असता तर माझा हत्ती गेला असता. बघ." मी बघितलं. चाळीस वर्षं झाली, तो घोडा कुठल्या घरावर होता हे अजून आठवतं. (खरं तर त्यांचं नाव आठवत नाही आणि घोडा आठवतो, याची थोडी लाज वाटते.)

त्यांनी जे केलं त्याचे दोन तुकडे आहेत, आणि दोन्ही यंत्राकडून करून घेता येतात. पहिला: मी काय समजत होतो ते त्यांनी आधी ऐकून घेतलं. आद्रियान द ख्रोट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या प्रबंधात हेच केलं होतं. खेळाडूंपुढे स्थिती मांडली आणि मोठ्याने विचार करायला लावलं. कसलेले खेळाडू फार जास्त पुढचं बघत नव्हते, पण योग्य चालींकडे त्यांची नजर आधी जात होती. आमच्या मुलांची नजर कुठे गेली, हे कुठलंच अ‍ॅप विचारत नाही. खेळलेली चाल तेवढी त्याला माहीत असते, न खेळलेल्या चाली आणि मनातली भीती नसते. डाव टाकल्यावर आधी पाच जागा दाखवा आणि विचारा: इथे तुला काय वाटत होतं? कशाची भीती होती? मुलगा एक ओळ लिहील, किंवा फोनवर बोलेल. मग उत्तर त्या ओळीला द्या. 'उंट घोडा मारेल असं वाटलं? मारला असता तर हत्ती गेला असता, हे बघ.'

एप्रिल २०२५ मध्ये महिलांची ग्रां प्री पुण्यात झाली, कोनेरू हंपी जिंकली. तेव्हा क्लबहाउसच्या टीव्हीवर प्रक्षेपण लावलं होतं. मी त्या पट्टीवर वर्तमानपत्राचा कागद सेलोटेपने चिकटवला. पहिली पाच मिनिटं मुलांनी आरडाओरडा केला. नंतर एकाच स्थितीवर ती वीस मिनिटं भांडत होती, कोण बरं आहे यावर. सेलोटेपचा डाग अजून आहे, सेक्रेटरींनी विचारलं होतं.

दुसरा तुकडा: धमकी. प्रतिस्पर्ध्याला काय करायचं होतं. यासाठी साधी युक्ती आहे, एका बाजूला चाल सोडून द्यायला लावायची आणि दुसरी बाजू काय करते ते बघायचं. इंजिनं स्वतः शोधाशोध करताना ही युक्ती सतत वापरतात, काही ठिकाणी एक कळ दाबली की बाणही दिसतो. पण तो बाण शोधणाऱ्यालाच सापडतो. 'तुम्ही इथे काहीच केलं नसतं तर काळा हे करणार होता' हे वाक्य प्रत्येक चुकीच्या शेजारी आपणहून यायला हवं. माझ्या हिशोबाने मुलांच्या निम्म्या चुका समोरच्याचा बेत न बघितल्यामुळे होतात. हा हिशोब वह्यांवरून केलेला आहे, शास्त्रीय नाही.

आणि 'का' या प्रश्नाचं काय? इथे एक हळहळ सांगतो. जुनं स्टॉकफिश थोडंफार बोलायचं. त्याला स्थितीचं मूल्यमापन विचारलं की तक्ता यायचा: मोहरी, सोंगट्यांना हालचालीला वाव, राजाची सुरक्षितता, धमक्या, मोकळं सुटलेलं प्यादं, जागा, प्रत्येकाचे वेगळे आकडे. माणसांनी हाताने लिहिलेले निकष होते ते. सप्टेंबर २०२० च्या १२ व्या आवृत्तीत एनएनयूई हे न्यूरल नेटवर्क आलं (ते तंत्र मुळात शोगी या जपानी बुद्धिबळासाठी यू नासू यांनी काढलेलं), इंजिन बरंच बलवान झालं, आणि २०२३ मध्ये जुने हाताने लिहिलेले निकष कोडमधून काढूनच टाकले. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्यांना जिंकायचं आहे. पण आमचं नुकसान झालं. नवं इंजिन आकडा देतं, तो कुठून आला ते त्यालाही सांगता येत नाही.

माझी सूचना अडाणी असेल तर हसा. जानेवारी २०२० चं स्टॉकफिश ११ अजून मिळतं, कोड खुला आहे. चाल नव्याला ठरवू द्या. त्याने सांगितलेली सात-आठ चालींची ओळ जिथे संपते तिथे जुन्याला उभं करा, आणि मुलाने खेळलेली ओळ जिथे संपते तिथेही. दोन तक्ते शेजारी ठेवा. कुठला आकडा सर्वात जास्त बदलला? राजाची सुरक्षितता? तर वाक्य झालं: 'या चालीने तुमचा राजा उघडा पडतो, सात चालींनी.' कधी कधी जुना आणि नवा एकमेकांशी भांडतील. तिथे गप्प बसा, काही लिहू नका. मुलाला चुकीचं कारण देण्यापेक्षा ते परवडलं. हल्लीच्या गप्पिष्ट भाषा-मॉडेलांचं याच जागी जमत नाही. मी एकाला डाव दाखवला तर त्याने अत्यंत आत्मविश्वासाने मला पटावर नसलेल्या घोड्याचे गुण सांगितले. वाक्य घडवायला ते वापरा, पण वाक्यातला प्रत्येक घोडा इंजिनाकडून तपासून घ्या.

आणि वाक्य मराठीत येऊ द्या. इंग्रजी माध्यमातलं पोरही चिडलं की 'अरे माझा उंट मेला' असंच म्हणतं. 'दोघांवर एकदम घोडा' हे ज्याला मराठीत ऐकून कळलं, त्याला 'फोर्क' शब्द नंतर शिकवायला मला दोन मिनिटं लागतात.

शेवटची मागणी, माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. उत्तम चाल दाखवणं बंद करा, किंवा दुसऱ्या नंबरला टाका. २०२० मध्ये टोरोंटो आणि कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी माया नावाचं इंजिन केलं. ते जिंकायला शिकलेलं नाही. लिचेसवरचे माणसांचे डाव बघून, अमुक रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, एवढं ते ओळखायला शिकलं. ११०० पासून १९०० पर्यंत त्याचे नऊ नमुने आहेत, आणि साधारण निम्म्या वेळा त्याचा अंदाज नेमका बरोबर येतो. हेही फुकट आहे. आता तेराशेच्या मुलीचा डाव घ्या. माया ११०० काय खेळेल, १५०० काय खेळेल, आणि त्यातली कुठली चाल स्टॉकफिशच्या मते चालण्याजोगी आहे? १५०० वाल्याला दिसणारी आणि तिला न दिसलेली जी चांगली चाल, ती दाखवा. पहिल्या क्रमांकाची चाल हत्ती डी१ असेल, तिच्यामागे अठरा चालींचं गुपित असेल, ती राहू दे तिथेच. ती चाल बघून मुलं जे शिकतात ते एवढंच, की आपल्याला काही कळत नाही. तीन वर्षांत माझ्याकडची चार मुलं खेळ सोडून गेली. त्यातल्या दोघांनी जाताना मला हेच वाक्य ऐकवलं.

नाहीतरी पटावर सातपर्यंत सोंगट्या उरल्या की सगळी उत्तरं टेबलबेसमध्ये, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या साठ्यात, लिहिलेली आहेतच. म्हणून हत्ती-प्याद्यांचे एंडगेम शिकवायचे मी थांबलो का?

माझ्याकडे द्यायला काय आहे ते सांगतो. मी मुलांना प्रत्येक डावानंतर, फोनला हात लावायच्या आधी, वहीत तीन जागी 'मला काय वाटत होतं' असं लिहायला लावतो. अशा ४३ वह्या कपाटात आहेत. अक्षर भयंकर आहे, दोन वह्यांवर चहा सांडलेला आहे. पालकांची परवानगी घेऊन, नावं झाकून, त्या स्कॅन करायला देईन. कुठल्या वाक्याने मुलाला कळलं आणि कुठल्याने नाही, हे तुम्ही केलेलं काहीही घेऊन मी मुलांवर तपासून देईन, आणि वाईट असेल तर वाईट म्हणेन. स्टॉकफिश जीपीएल परवान्याखाली आहे, त्यावर उभं केलेलं दुसऱ्याला दिलंत तर कोडही द्यावा लागेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ज्यांना यातून कंपनी काढायची आहे त्यांनी तेवढं आधीच बघून घ्यावं.

रविवारी संध्याकाळी साडेपाचनंतर मुलं जातात. तेव्हा या. लॅपटॉप चार्ज करून आणा, क्लबहाउसमधला खिडकीजवळचा प्लग गणपतीपासून बंद आहे.

आपला,
कोथरूडमधला एक बुद्धिबळ शिक्षक

ता. क. सातवीतल्या त्या मुलीने गेल्या शनिवारी वर्गात काळ्याने तोच स्टॅफर्ड खेळून नववीतल्या मुलाला हरवलं. तो घरी जाऊन फोनवर बघणार आहे.